दुनळीची अब्रू

साहेबांचं आजही म्हणणं असं, की चूक त्यांची नव्हतीच. चूक भाच्याची होती. चांगला फोन केला होता, तर "मामा, कसे आहात?" एवढं विचारून ठेवून द्यायचा. पण नाही. तो म्हणाला, "आई महिनाअखेरीला तुमच्याकडे राहायला येतेय. आणि ती विचारतेय, तिच्या आजोबांची बंदूक आहे ना अजून? म्हणते, डोळे मिटायच्या आत एकदा तिला बघायचंय."

"आहे ना म्हणजे काय?" साहेब कडाडले. "दिवाणखान्यात भिंतीवर टांगलीय. लखलखतेय नुसती!"

फोन ठेवल्यावर साहेबांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, दिवाणखान्याच्या चारही भिंतींवरून सावकाश नजर फिरवली. एका भिंतीवर घड्याळ होतं, एकीवर कॅलेंडर आणि उरलेल्या दोन्हींवर ओल.

साहेब हे वजनमापं खात्याचे निवृत्त निरीक्षक. आयुष्यभर त्यांनी दुकानादुकानांतून लोकांचे तराजू उलटेपालटे केले, पारड्याखाली चिकटवलेली चिंच नाही तर शिसं खरवडून काढलं आणि भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. निवृत्त होऊनही गल्ली त्यांना साहेबच म्हणे. तेव्हा अशा माणसाच्या तोंडून धडधडीत खोटं बाहेर पडलं, ही गोष्ट त्यांची त्यांनाच सहन होईना. त्यावर उपाय एकच होता. खोट्याचं खरं करायचं. आक्का, म्हणजे त्यांची सगळ्यांत थोरली बहीण, दारात पाऊल टाकेल तेव्हा आजोबांची दुनळी भिंतीवर हवी, आणि लखलखायलाही हवी.

दुनळी माळ्यावर होती. ती तिथे ठेवलेली होती असं म्हणणं मात्र चुकीचं ठरेल, कारण एका फळीचा आधार मोडल्यावर कोणीतरी, म्हणजे साहेबांनीच, तो आधार म्हणून तिला उभी केली होती. ती ओढून काढताच फळी, फळीवरच्या गाद्या, गाद्यांवरची जुनी पेटी आणि पेटीतली धूळ अशी सगळी मंडळी एकापाठोपाठ साहेबांच्या अंगावर आली. धूळ खाली बसल्यावर त्यांच्या हातात एक लांबलचक तपकिरी वस्तू दिसली. एका नळीत कुंभारमाशीने घर केलं होतं. दस्ता वाळवीने निम्मा खाल्ला होता आणि नळ्यांमागचे दोन्ही घोडे गंजून जागच्या जागी बसले होते.

"अहो, ही बंदूक आहे?" वहिनी म्हणाल्या. "हिच्यापेक्षा माझी छत्री जास्त भीतिदायक दिसते."

"हिनेच आजोबांनी लांडगा मारला होता!" साहेब म्हणाले. घरात हा लांडगा सगळ्यांना तोंडपाठ होता. साहेबांच्या लहानपणी तो साधारण वासराएवढा होता, पुढे मुलांना सांगताना तो घोड्याएवढा झाला होता.

शेजारी सर्वज्ञ राहत. हे त्यांचं आडनाव नव्हे, खोड. साहेब गॅलरीत बंदूक पुसताहेत हे दिसताच ते हातातला चहाचा कप घेऊनच आले आणि खुर्ची ओढून बसले. गंज काढायला पाणी अजिबात लावायचं नाही, व्हिनेगर लावायचं, त्यावर बटाट्याची फोड घासायची आणि वरून लाकडाची राख, असा त्यांचा सल्ला. साहेबांनी तो शब्दशः पाळला. संध्याकाळपर्यंत बंदूक हिरवी झाली.

"हिरवी म्हणजे लोखंड अस्सल आहे," सर्वज्ञ जराही न डगमगता म्हणाले. "बरं, लायसन आहे ना?"

"हे तुम्ही आधी नाही विचारायचं?"

"आधी विचारलं असतं तर तुम्ही साफच केली नसती."

दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीला कळलं, की साहेबांकडे बंदूक आहे आणि लायसन नाही. वरच्या मजल्यावरचं रेकॉर्ड लावणारं बिऱ्हाड अचानक हळू आवाजात रेकॉर्ड लावू लागलं. दूधवाला स्वतःहून म्हणाला की उद्यापासून पाणी कमी घालतो. हे सगळं साहेबांना मनातून आवडलं होतं, पण विनापरवाना बंदूकवाला म्हणून निरीक्षकाने मान खाली घालून फिरायचं का? त्यांनी दुनळी वहिनींच्या जुन्या फुलाफुलांच्या पडद्यात गुंडाळली आणि उस्तादांचं दुकान गाठलं.

उस्ताद हे गावातले एकमेव बंदूक दुरुस्त करणारे. स्वतःला ते डॉक्टरच समजत. त्यांनी पडदा उलगडला, नळीला कान लावला आणि घोड्यावर बोट टेकवून डोळे मिटले.

"जगेल," शेवटी ते म्हणाले. "पण कोणी हिला व्हिनेगर पाजलंय."

"शेजाऱ्याने."

"असे शेजारी असतील तर बंदूक चालू स्थितीत हवीच. कागद आणलाय?"

कागद नव्हता. कागदाशिवाय उस्ताद हात लावेनात. कागद शस्त्र परवाना कार्यालयात मिळतो म्हणून साहेब तिथे गेले. खिडकीपलीकडे एक कारकून बसला होता. आयुष्यभर लोक साहेबांसमोर उभे राहिले होते, आता साहेब खिडकीसमोर उभे, आणि कारकून त्यांना म्हणतो, "हं, बोला बंदूकवाले!"

साहेबांच्या मस्तकात तिडीक गेली. तरी त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं.

"परवाना कोणाच्या नावावर?"

"वडिलांच्या."

"त्यांना घेऊन या."

"ते वारले."

"मग परवानाही वारला. परवाना नाही म्हणजे बंदूक नाही."

"पण बंदूक आहे ना!"

"अहो, हळू बोला," कारकून पुढे वाकून म्हणाला. "आहे म्हणालात तर मला तुम्हाला आत टाकायला लागेल. म्हणून मी मघापासून नाही म्हणतोय. तुमच्या भल्यासाठीच ना?"

इथे खरं तर साहेबांनी आभार मानून निघायला हवं होतं. पण त्यांचं लक्ष टेबलावरच्या टपालाच्या तराजूकडे गेलं. तराजूचा काटा रिकाम्या पारड्यालाही शून्यावर नव्हता. आता असा काटा बघून गप्प बसणारा माणूस वेगळा. साहेबांनी खिडकीतून हात आत घातला, तराजू सरळ केला आणि खात्याचा कायदा कारकुनाला पाठ म्हणून दाखवला. त्याचा परिणाम असा झाला की त्यांचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी गेला आणि बरेच दिवस तिथेच राहिला.

अखेर मार्ग निघाला तो असा. बंदूक जर उडत असेल तर ते शस्त्र. विनापरवाना शस्त्र सरकारजमा होतं आणि सरकारजमा झालेलं शस्त्र भट्टीत वितळवतात. उडत नसेल तर ती शोभेची वस्तू. तसा दाखला मिळाला की खुशाल भिंतीवर टांगा. आता उडते की नाही ते तपासणीत ठरणार. मात्र घाणेरडी वस्तू तपासणीला घेत नाहीत, म्हणून आधी साफसफाईपुरती परवानगी. एवढं साधं होतं. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर कारकुनाचं काय गेलं असतं, हे साहेबांना अजून समजलेलं नाही.

परवानगी बघताच उस्तादांनी दुनळीला आत घेतलं. साफसफाईपुरती म्हणजे किती, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. उस्तादांनी कुंभारमाशीचं घर काढलं, हिरवा रंग काढला, नवा दस्ता बसवला, स्प्रिंगा बदलल्या आणि घोडे मोकळे केले. साहेब घ्यायला गेले तेव्हा उस्तादांनी दुनळी दोन्ही हातांवर तोलून पुढे केली.

"बोलेल ही, साहेब! फक्त घोडा पुरता मागे ओढायचा, दोनदा खट्ट वाजेपर्यंत. अर्ध्यावर सोडलात तर चाप कितीही ओढा, ही झोपलेलीच राहते. जुन्या बायकांचा मान ठेवावा लागतो."

"हे मी ऐकलेलं नाही," साहेब घाईने म्हणाले. "मला फक्त शोभेची हवीय."

पण घरी आल्यावर ते रोज संध्याकाळी आरशासमोर रिकामी दुनळी धरून उभे राहत आणि घोडा दोनदा खट्ट वाजेपर्यंत मागे ओढत. वहिनी स्वयंपाकघरातून विचारत, "लांडगा आला का?" त्यावर साहेब घोडा आणखी एकदा मागे ओढत.

आता राहिलं कोरीवकाम. दस्त्याच्या वर, दोन्ही बाजूंना पोलादाच्या गुळगुळीत पट्ट्या होत्या, आणि त्या तशाच कोऱ्या ठेवणं साहेबांना जिवावर आलं. एका पट्टीवर आजोबा, दुसरीवर लांडगा, अशी त्यांची कल्पना. गावात कोरणारा म्हणजे कपवाला. शाळाशाळांच्या स्पर्धांचे कप आणि ढाली तो कोरून देई. त्याच्याकडे ठरलेली चित्रं होती, ती तो यंत्राखाली ठेवायचा आणि यंत्र कोरायचं.

"लांडगा नाहीये," कपवाला चित्रं चाळत म्हणाला. "धावपटू आहे, पोहणारा आहे, बुद्धिबळाचा उंट आहे. कुत्रा चालेल? श्वान प्रदर्शनाचा आहे. एकदम सुरेख."

"कुत्रा कसा चालेल? आजोबांनी लांडगा मारला होता!"

"मग कुत्र्याला जरा रागवून देतो. कान उभे करतो, दात काढतो. चिंताच करू नका."

साहेबांनी चिंता केली नाही, हीच त्यांची चूक. आणायला गेले तेव्हा एका पट्टीवर अर्धी चड्डी नि टोपी घातलेला, शाळकरी दिसणारा एक तरुण नेम धरून उभा होता. ते आजोबा. मूळ चित्र आंतरशालेय नेमबाजीचं होतं. दुसऱ्या पट्टीवर नीट विंचरलेल्या केसांचा एक कुत्रा बसलेला होता. त्याच्या तोंडात पुष्कळ दात होते, त्यामुळे तो खदाखदा हसतोय असं वाटत होतं. दोघांच्याही भोवती पानांची माळ होती, कारण यंत्राच्या चित्रातच ती होती.

"हा लांडगा?" साहेबांनी विचारलं.

"मी लांडगा बघितलेला नाही," कपवाला म्हणाला. "तुम्ही बघितलाय?"

साहेबांनीही बघितलेला नव्हता, आणि हे असं भर दुकानात विचारणं बरोबर होतं का? घरी सर्वज्ञांनी पट्टी डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाले, "गोड आहे हो! पण आजोबांनी याला मारायला नको होतं." कार्यालयात दुनळी तपासणीसाठी जमा करताना कारकुनानेही तेच. "काय केलं होतं त्या बिचाऱ्याने?" त्याने विचारलं आणि बाकीच्या कारकुनांना बोलावून कुत्रा दाखवला. साहेब ताठ मानेने बाहेर पडले, पण पायऱ्या उतरताना त्यांचे कान लाल झाले होते.

तपासणीच्या आदल्या दिवशीच आक्का आली. काठी टेकत, भाच्याचा हात धरून ती आत आली आणि थेट दिवाणखान्यात जाऊन भिंतीसमोर उभी राहिली. भिंतीवर एक खिळा होता.

"कुठाय रे?"

"आक्का, ती तपासणीला गेलीय. उद्या येईल."

आक्का तशीच बघत राहिली. तेव्हा भाच्याने खुलासा केला. "मामा, तिला ऐकू येत नाही आता. काहीच नाही. यंत्र लावलं तर म्हणते नुसती माशी गुणगुणते. म्हणून तर फोन मी करतो."

मग भाच्याने पाटीवर लिहून दाखवलं. आक्काने वाचलं, खिळ्याकडे पुन्हा एकदा बघितलं आणि खुर्चीत बसली. "मी पुसायचे तिला," ती म्हणाली. "आजोबा दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. उद्या मीपण येते." ऐकू येत नसल्याने ती फार मोठ्याने बोलायची. सबंध जिन्याला कळलं की आक्का उद्या जाणार.

साहेबांना त्या रात्री पहिल्यांदा भीती वाटली. इतके दिवस नुसता संताप होता. आता उद्या ती दुनळी उडाली, तर आक्काला पुन्हा तो खिळाच बघावा लागणार होता.

कार्यालयाच्या मागे मोकळं मैदान होतं आणि त्याच्या टोकाला वाळूच्या पोत्यांची भिंत. अधिकारी खुर्चीत बसले होते. आक्कालाही खुर्ची दिली होती. कारकुनाने साहेबांना बाजूला घेतलं. तराजूचं तो विसरला नव्हता, पण माणूस दुष्टही नव्हता.

"उडाली नाही तर घरी. उडाली तर भट्टी. तुम्ही फक्त गप्प राहायचं. जमेल?"

"जमेल," साहेब म्हणाले.

शस्त्रागाराचा तपासनीस पुढे आला. त्याने दुनळीत काडतूस भरलं. मग त्याची नजर आक्काकडे गेली. दोन्ही हात काठीवर ठेवून ती डोळ्यांची पापणी न हलवता बंदुकीकडे बघत होती. तपासनिसाने घोडा मागे ओढला. एकदाच खट्ट झालं. चाप ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. काही नाही.

"नाही उडत, सर."

वहिनींनी सुटकेचा श्वास सोडला. भाच्याने आक्काकडे बघून हात हलवला. साहेबांना मात्र तो एकच खट्ट स्पष्ट ऐकू आला होता. उमेदीत कोणी असं हलकं वजन त्यांच्यासमोर टाकलं असतं तर? ते त्यांनी गिळलं. हा उपकार आहे, हे त्यांना समजत होतं. ते घट्ट ओठ मिटून उभे राहिले.

अधिकारी कारकुनाला सांगू लागले, "लिहा. सदर वस्तू जुनाट असून पूर्णपणे निकामी आहे."

साहेबांचे ओठ हलले. वहिनींनी त्यांचा दंड धरला.

"पूर्वीही ती कधी उपयोगाची असावी, असे दिसत नाही."

आता मात्र हद्द झाली. निकामी! निवृत्त झाल्यापासून हा शब्द त्यांच्या तोंडावर कोणी उच्चारला नव्हता, पण बँकेत, खिडकीत, बसमध्ये, कपवाल्याच्या दुकानात रोज कोणी ना कोणी तो नजरेने म्हणत होतं, आणि त्यांनी तो निमूट ऐकून घेतला होता. आजोबांबद्दल ते ऐकून घेणार नव्हते.

"हे माप खोटं आहे!" साहेब गरजले. दंड सोडवून घेत ते पुढे झाले. "घोडा अर्ध्यावर आहे! एकदा खट्ट झालं, दोनदा व्हायला हवं! याला तपासणी म्हणतात?"

"अहो, गप्प बसा ना!" कारकून आणि वहिनी एकदमच ओरडले.

पण दुनळी साहेबांच्या हातात आली होती. त्यांनी ती आरशासमोर धरत तशी खांद्याला लावली आणि घोडा मागे ओढला. खट्ट. खट्ट.

चाप ओढताच सगळं मैदान हादरलं. वाळूच्या पोत्यातून धूळ उसळली, कार्यालयाच्या खिडक्यांची तावदानं थरथरली, आणि साहेब मागे फेकले जाऊन थेट अधिकाऱ्यांच्या मांडीवर बसले. क्षणभर त्यांना इतका आनंद झाला, की आपण कुठे बसलोय हेही त्यांना समजलं नाही.

मग समजलं. अधिकारी त्यांना ढकलून उठले. वहिनींनी कपाळावर हात मारला. कारकुनाने लिहिलेला कागद फाडला, नवा घेतला आणि मान हलवत मोठ्याने वाचत लिहू लागला, "उत्तम चालू स्थितीत. सबब सरकारजमा." साहेबांनी हातातल्या दुनळीकडे बघितलं. आपण काय करून बसलो? मिळालेली बंदूक आपल्या हाताने भट्टीत घातली. आक्काकडे बघायचं त्यांना धाडस होईना.

"ऐकू आलं!"

आक्का उठून उभी राहिली होती. काठी खाली पडली होती.

"अरे, मला ऐकू आलं! छातीत आलं, इथे! हाच आवाज!" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "लांडगा कुठला मारलाय रे आजोबांनी! त्यांना मुंगी मारवत नव्हती. हवेत बार काढला त्यांनी. आवाजानेच पळाला तो, आणि आम्ही दोघं अंगणात पोट धरधरून हसलो. माझ्या आयुष्यात दुसरा इतका मोठा आवाज नाही." तिने अधिकाऱ्यांकडे बोट केलं. "त्यांना सांग, आणखी एकदा."

"आजी, बंदूक जप्त झालीय," अधिकारी म्हणाले. "आता तिला कोणी हात लावायचा नाही."

"आणखी एकदा!" आक्का मैदानभर ऐकू जाईल असं म्हणाली.

साहेबांनी कपड्यांवरची धूळ झटकली. कॉलर सरळ केली. दुनळी दोन्ही हातांनी अधिकाऱ्यांसमोर धरली आणि आयुष्यभर दुकानदारांना घाम फोडणाऱ्या खास सरकारी आवाजात ते बोलले.

"हिला दोन नळ्या आहेत. तुमच्या कागदावर एकीचीच तपासणी आहे. दुसरीचं काय लिहिणार?"

अधिकाऱ्यांनी कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने नियमांचं पुस्तक उघडलं, पानं चाळली, आणि हळूच म्हणाला, "तपासणी पूर्ण असावी असं आहे खरं, सर."

तपासनिसाने तोवर खिशातून दुसरं काडतूस काढलं होतं. त्याने आक्काची काठी उचलून तिच्या हातात दिली, दुनळी घेऊन दुसऱ्या नळीत ते काडतूस भरलं आणि या खेपेला तिचा घोडा पुरता मागे ओढला.